धूर म्हणजे न जळलेले सरपण
(इयत्ता चौथी · परिसर अभ्यास · कर्नाळा परिसरातील शाळांसाठी पाठ)

पाठाचा हेतू : घरातील धूर व सरपणाची नासाडी ही दोन दुःखे नसून एकच आहे, हे विद्यार्थ्यांच्या प्रत्ययास आणून देणे.

प्रस्तावना : कर्नाळ्याचा सुळका व त्याभोवतीचे रान मुलांच्या नित्य परिचयाचे आहे. हे रान १९६८ साली पक्षी-अभयारण्य झाले. त्याच्या हद्दीतून परवानगीवाचून लाकूडफाटा आणणे कायद्याने निषिद्ध आहे. २०१६ च्या उज्ज्वला योजनेनंतर अनेक गरीब घरी गॅस पोहोचला; तरी भाकरीसाठी वा अंघोळीच्या पाण्यासाठी चूल पेटतेच. शिक्षकाने विचारावे : ‘पावसाळ्यात घरात धूर अधिक का होतो?’ सरपण ओले असते व दारे लावलेली असतात, हे उत्तर मुलांकडूनच यावे.

प्रयोग : मेणबत्ती काही वेळ जळू द्यावी व फुंकून विझवावी. वातीतून पांढरा धूर वर जाईल. पेटती काडी त्या धुराला, वातीपासून किंचित वर, लावावी. ज्योत धुरावरून उतरून वात पुन्हा पेटते. हा प्रयोग मायकेल फॅरडे यांनी लंडन येथे १८६०–६१ च्या नाताळातील व्याख्यानांत मुलांपुढे केला होता. तो शिक्षकानेच करावा. मुलांच्या हाती काडी देऊ नये.

विवेचन : जो पेटतो तो धूर जळणच होय. ओल्या लाकडाची उष्णता प्रथम त्यातील पाणी आटविण्यात खर्च होते. पुरेशी आच व हवा न मिळाल्याने उरलेले जळण धूर होऊन निघून जाते. म्हणजे डोक्यावरून वाहून आणलेल्या मोळीचा काही भाग अन्न न शिजविताच डोळ्यांत व छातीत जातो. धुरातील सूक्ष्म कण फुप्फुसांत खोल शिरतात. कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तर रंगहीन व गंधहीन असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२० साली घरातील धुरामुळे जगात सुमारे ३२ लाख माणसे दगावली. त्यांत पाच वर्षांखालील बालके दोन लाखांहून अधिक होती. धाकटे भावंड कडेवर घेऊन चुलीपाशी बसणाऱ्या मुलीला ही गोष्ट अवश्य कळली पाहिजे.

उपाय : (१) सरपण पावसापूर्वी फोडून, वाळवून आडोशास रचावे. (२) चुलीचे तोंड लाकडांनी कोंडू नये. राख वेळच्या वेळी काढावी. (३) डाळ, कडधान्य आधी भिजवावे. भांड्यावर झाकण ठेवावे. (४) चुलीसमोर झरोका व वर धुरांडे असावे. धुरांड्यातील काजळी न काढल्यास धूर पुन्हा घरातच येतो. (५) बंद खोलीत कोळशाची शेगडी कधीही ठेवू नये.

शिक्षकांस सूचना : धुराने छपराला कीड लागत नाही, चुलीवर टांगलेले बियाणे टिकते, असे आजी सांगेल. तिचे म्हणणे खरे आहे. त्याची थट्टा होऊ देऊ नये. बियाणे राखेत घोळूनही टिकते, हे तिलाच विचारून घ्यावे. ज्याच्या घरी चूल आहे त्यास वर्गात कमीपणा वाटू देऊ नये.

गृहपाठ : एके दिवशी झाकण न ठेवता व दुसऱ्या दिवशी झाकण ठेवून तेवढाच भात शिजविण्यास आईला विनंती करावी. किती लाकडे लागली, ते दोन्ही दिवशी मोजून वहीत लिहावे व वर्गात वाचून दाखवावे.