घरच्या बागेतील मधमाशी : निकट छायाचित्रांवरून निसर्गनिरीक्षण
(इयत्ता ३ री व ४ थी, परिसर अभ्यास)

मधमाशीचा पाठ आला की शिक्षक फळ्यावर चित्र काढतात, मुले ते वहीत उतरवून घेतात आणि पाठ संपतो. परंतु त्यांपैकी किती मुलांनी जिवंत मधमाशी वीतभर अंतरावरून पाहिलेली असते? बहुतेकांना तिच्याविषयी एकच गोष्ट ठाऊक असते, ती म्हणजे तिचा दंश. हे भय जाऊन त्या जागी जिज्ञासा यावी, हा प्रस्तुत पाठाचा उद्देश होय.

स्थळ व साहित्य. लेखकाचे वास्तव्य भाईंदर पूर्वेस जेसल पार्क येथे आहे. एका बाजूस वसईची खाडी व तिच्या काठची तिवरे, दुसऱ्या बाजूस इमारतींच्या रांगा. येथे अंगण कोठून असणार? तथापि सज्जातील तुळस, सब्जा व झेंडू यांच्या आठ-दहा कुंड्यांवर मधमाश्या नित्य येतात. मंजिऱ्यांनी भरलेली एक तुळसही या पाठास पुरे. साधा भ्रमणध्वनी चालतो. त्यास चिमट्याने लावावयाचे लहान भिंग मिळाल्यास अधिक बरे.

कृती. सकाळी ऊन कोवळे असताना कुंडीजवळ स्थिर बसावे. माशीचा पाठलाग करू नये. एका मंजिरीवर कॅमेरा रोखून तिची वाट पाहावी, कारण ती एका फुलावरून शेजारच्या फुलावर क्रमाने जाते. आपली सावली फुलावर पडू देऊ नये. अगदी जवळून छायाचित्र घेताना फारच थोडा भाग स्पष्ट उमटतो. म्हणून फोकस डोळ्यावर साधावा. मधमाशी एका सेकंदात दोनशेहून अधिक वेळा पंख हलविते. सबब पंख अस्पष्ट आले तरी तो दोष मानू नये. वीस छायाचित्रांतून एक चांगले निघाले तरी समाधान मानावे.

काय पाहावे? डोक्याच्या दोन बाजूंस दोन मोठे संयुक्त डोळे व माथ्यावर तीन साधे डोळे, असे एकूण पाच डोळे असतात. शृंगिका लांब व कोपरासारख्या वाकलेल्या असतात. अंगावर दाट लव असते. तिला चिकटलेला पराग पायांनी गोळा करून माशी मागील पायांवरील खोलगट जागेत साठविते. हा गोळा छायाचित्रात स्पष्ट दिसतो. तो कोणत्या रंगाचा आहे, हे मुलांनी स्वतः पाहून सांगावे. या फिरतीत पराग एका फुलावरून दुसऱ्या फुलावर जातो. भोपळा व कारले यांची नरफुले व मादीफुले निराळी असल्याने कीटकांवाचून त्यांस फळ धरणे कठीण असते, हे येथे समजावून द्यावे.

एक अनुभव. शेजारची चौथीतील एक मुलगी माशी दिसताच घरात पळत असे. तिला धीर यावा म्हणून मी झेंडूवरील एका कीटकाचे छायाचित्र तिच्या हाती दिले व मोठ्या आत्मविश्वासाने म्हणालो, "ही पाहा मधमाशी." तिने ते बराच वेळ न्याहाळले आणि विचारले, "काका, मग हिच्या मिशा एवढ्या आखूड कशा? आणि पायावर परागही नाही." मी चष्मा लावून पाहिले. डोळे जवळजवळ सारे डोके व्यापणारे, शृंगिका अगदी आखूड. ती मधमाशी नव्हेच. पिवळ्या-काळ्या पट्ट्यांमुळे तशी भासणारी, दंश न करणारी दुसरीच माशी होती. इतकी वर्षे शिकवूनही मी केवळ पट्टे पाहून निर्णय दिला होता. "माझे चुकले, तू बरोबर सांगितलेस," असे मी म्हणालो. दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्वतःहून कुंडीपाशी येऊन बसली.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. मधमाशीस पंखांच्या दोन जोड्या व या माशीस एकच जोडी असते. तथापि मधमाशीचे पुढचे व मागचे पंख सूक्ष्म आकड्यांनी एकमेकांत अडकत असल्याने छायाचित्रात ते दोनच भासतात. म्हणून केवळ पंख मोजून निर्णय करू नये. शृंगिका व डोळेही पाहावेत.

सावधगिरी. निरीक्षण फुलावरच करावे, पोळ्याजवळ मुलांना कदापि नेऊ नये. आग्या माश्यांच्या पोळ्यापासून तर फारच दूर राहावे. उग्र अत्तर लावू नये. माशी अंगावर बसल्यास हात झटकू नयेत. दंश झाल्यास काटा नखाने तत्काळ खरवडून काढावा. श्वास लागल्यास किंवा चेहरा सुजल्यास विलंब न लावता डॉक्टरांकडे न्यावे.

स्वाध्याय. सात दिवस रोज दहा मिनिटे एकाच कुंडीचे निरीक्षण करून वेळ, फूल व आलेले कीटक यांची नोंद ठेवावी. कॅमेरा नसल्यास चित्र काढावे. माशी आली नाही, तर "आली नाही" असेच लिहावे. जे पाहिले तेच लिहिणे, ही सवय मुलांस लागली व ती शिक्षकाच्या आचरणातही दिसली, तर पाठ सफल झाला असे समजावे.