पिवळ्या फुलाचे झाड ओळखताना

आपल्या शाळेच्या भोजनगृहामागे, कुंपणालगत, पिवळ्या फुलांचे एक झाड कित्येक वर्षे उभे होते. ते कोणी लावले याची नोंद नाही. गेल्या पावसाळ्यात सातवीच्या वर्गाने त्याचे नाव विचारले, तेव्हा माळीकाका म्हणाले टेकोमा, एका पालकांनी सांगितले अलामांडा, आणि इतिहासाचा शिक्षक असलेला मी निरुत्तर झालो. ऐकीव माहितीला इतिहासात आपण पुरावा मानत नाही. मग झाडाच्या बाबतीत का मानावी? वर्गाला वह्या घेऊन झाडापाशी नेले.

फुलाने दिशाभूलच केली. तिन्ही झाडांची फुले पिवळी, नळीसारखी, पाच पाकळ्यांची. म्हणून पान पाहिले. टेकोमाचे पान संयुक्त असते. एका देठावर दातेरी कडांच्या अनेक पर्णिका असतात. आमच्या झाडाची पाने साधी, लांबट, अगदी अरुंद. टेकोमा बाद झाला. अलामांडाची पाने रुंद असून एकेका पेरावर तीन-चार मिळून येतात. येथे ती सुटी, फांदीभोवती फिरत चढलेली. पान कागदात धरून तोडले, तर पांढरा चीक आला. पण चीक अलामांडालाही असतो, तेवढ्यावर निवाडा होत नाही. निवाडा केला फळाने. टेकोमाला लांब शेंगा, अलामांडाला काटेरी बोंड. झाडाखाली मात्र पिकून काळी पडलेली गरदार फळे होती आणि प्रत्येकात एक कठीण, तिकोनी बी.

‘‘सर, ही तर बिट्टी!’’ पाहायला आलेल्या पाचवीतल्या एका मुलाने खिशातून मूठभर बिया काढल्या. माजी विद्यार्थ्यांपैकी कित्येक जण याच बिट्ट्यांनी खेळले असतील. त्या मुलाला मात्र बी फोडून आतला गर बदामासारखा लागतो का, हे पाहायचे होते.

झाड होते पिवळी कण्हेर. तिचे सर्व भाग विषारी, बी सर्वाधिक. हे विष हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडवते. पोटात गेल्यास घरगुती उपाय करीत न बसता रुग्णाला तत्काळ रुग्णालयात न्यावे आणि सोबत फळ किंवा डहाळी न्यावी, म्हणजे डॉक्टरांचा वेळ वाचतो.

पूजेत वाहतात म्हणून हे झाड प्राचीन काळापासून येथलेच असावे, असा समज आहे. वस्तुतः ते अमेरिका खंडातले. सोळाव्या शतकापूर्वी ते भारतात असणे संभवत नाही. १७५३ मध्ये लिनियसने त्याला ‘सर्बेरा थेवेशिया’ म्हटले. पहिला शब्द ग्रीक पुराणातील मृत्युलोकाच्या राखणदार कुत्र्यावरून, दुसरा आंद्रे थेवे या फ्रेंच प्रवाशावरून. नावातच इशारा होता, पण तो आमच्या कुंपणापर्यंत पोहोचला नव्हता.

सुटीच्या दिवशी झाड मुळासकट काढले. काही जणांना हळहळ वाटली, मलाही वाटली. पाचवीच्या मुलांच्या पेट्या तपासल्या, तेव्हा आणखी एकोणतीस बिट्ट्या निघाल्या. त्या जागी सातवीच्या वर्गाने टेकोमा लावला आहे. स्नेहसंमेलनाला याल तेव्हा त्याच्या पर्णिका मोजून पाहा.