ड्रॅगनफ्रूटच्या बागेत रात्रीचे दिवे: वायरिंग करण्याआधी हे वाचा



दिवस लहान झाले की ड्रॅगनफ्रूटचा फुलोरा थांबतो. म्हणून आपल्यातले बरेच जण यंदा बागेत रात्री एलईडी दिवे लावून हिवाळ्यात फळ घ्यायच्या तयारीत आहेत. दिवे किती तास लावायचे, कोणत्या रंगाचे घ्यायचे, ते पुढच्या मेसेजमध्ये सांगतो. आज फक्त वायरिंग. कारण ड्रिप चालू असताना, ओल्या जमिनीवर, कित्येकदा अनवाणी, आपण आणि मजूर त्याच वायरींखाली काम करणार आहोत. ओल्या जमिनीवर लागलेला करंट कोरड्या फरशीवरच्या झटक्यापेक्षा कितीतरी जास्त जीवघेणा असतो.

*आधी लोड काढा.* एकरी 200 बल्ब, प्रत्येकी 12 वॅट धरले तर 2400 वॅट झाले, म्हणजे साधारण साडेदहा अँपिअर. विहिरीपासून बाग 100 मीटरवर असेल आणि तांब्याची दीड स्क्वेअर एमएम वायर टाकली, तर जाता-येता मिळून 25 व्होल्ट वायरीतच जातात. 4 स्क्वेअर एमएम घेतली तर ही घट 10 व्होल्टच्या आत येते. पंपाच्या कनेक्शनवर दिवे चालतील का, हे महावितरणच्या कार्यालयात आधीच विचारा.

*न्यूट्रल जमिनीतून घेऊ नका.* हे सगळ्यात महत्त्वाचं. पंपाला तीन फेज येतात, स्टार्टरपाशी न्यूट्रल बऱ्याचदा नसतो. मग कोणीतरी सांगतं, "सळई ठोका, एक टोक फेजला, दुसरं सळईला, बल्ब लागतो." बल्ब लागतो, खरं आहे. पण बागेचा सगळा करंट त्या सळईतून जमिनीत उतरतो. सळई आणि तिच्याभोवतीची ओली माती जिवंत होते. बैल, शेळी, लहान मूल, कोणीही तिथे पाय ठेवू शकतं. बोअरच्या केसिंगला जोडणं हाही तोच प्रकार. वर अशा जोडणीत आरसीसीबी टिकत नाही, सारखा पडतो. मग "हाच खराब आहे" म्हणून लोक तो काढून टाकतात. तो खराब नसतो, तो बरोबर सांगत असतो. न्यूट्रल नसेल तर तो रीतसर आणून घ्या, तोपर्यंत दिवे थांबवा.

बोर्डावर दिव्यांसाठी वेगळा डबल पोल एमसीबी आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवाच. एमसीबी वायर वाचवतो, माणूस वाचवतो तो आरसीसीबी.  आरसीसीबीवरचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबा. दाबल्यावर तो पडला नाही तर लगेच बदला. मात्र फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम हातात आले तर आरसीसीबीलाही ते कळत नाही, एवढं ध्यानात ठेवा.

टायमर लावला असेल तर आणखी एक. टायमर बहुतेक वेळा एकच वायर तोडतो, आणि वेळ झाली की आपोआप चालू होतो. दिवे विझलेत म्हणजे करंट नाही, असं धरून बल्ब बदलायला जाऊ नका. डबल पोल एमसीबी खाली पाडा, मगच होल्डरला हात लावा.

बागेतली वायर सिमेंटच्या पोलावरच्या रिंगणावर घासली की कव्हर सोलतं. उन्हात साधी वायर तडकते, आणि उंदीर आहेतच. म्हणून मुख्य केबल पाइपातून न्या, खुरपं-कुदळ पोचणार नाही इतकी खोल. वरची लाईन जीआय तारेवर लटकवणार असाल तर ती तार अर्थिंगला जोडा. होल्डर पावसा-धुक्यातले, बंद रबरवाले घ्या. जोड फक्त आयपी 65 च्या बॉक्समध्ये, वायर खालून आत जाईल असा. नुसती काळी टेप एक पावसाळाही काढत नाही.

कोणाला करंट लागलाच तर धावत जाऊन त्याला धरू नका. आधी मेन बंद करा. ते जमत नसेल तर कोरड्या जागी उभं राहून कोरड्या लाकडाने वायर बाजूला करा, आणि 108 ला फोन लावा. मेन कुठे आहे हे बागेत काम करणाऱ्या प्रत्येकाला आजच दाखवून ठेवा.

काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. बोर्ड बसला की झाकण उघडं असताना वायरमनलाच फोटो काढायला सांगा आणि या नंबरवर पाठवा. न्यूट्रल कुठून घेतलाय, तेवढं सोबत लिहा.