फॉर्मॅलिनची बरणी आणि प्रथिनांचा रंग

इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री, म्हणजे ऊतीतील विशिष्ट प्रथिन त्याला चिकटणाऱ्या प्रतिपिंडाद्वारे तपकिरी रंगात दाखवण्याची पद्धत. हिचा निकाल अनपेक्षित आला की ठपका प्रथम प्रयोगशाळेवर येतो; परंतु तो निकाल पुष्कळदा शस्त्रक्रियागृहातच बिघडलेला असतो, हे मान्य करण्याची तयारी फार थोड्यांची असते.

स्तनकर्करोगाच्या एका नमुन्याबाबत हेच घडले. शनिवारी संध्याकाळी काढलेला अख्खा स्तन न चिरता, जेमतेम बुडेल इतक्या फॉर्मॅलिनमध्ये ठेवून सोमवारी पाठवण्यात आला, आणि इस्ट्रोजेन रिसेप्टर या प्रथिनाबाबत निष्कर्ष काढता येत नाही असे कळवताच शल्यविशारदांनी लॅबच्या रसायनांवरच शंका घेतली. सूक्ष्मदर्शकाखाली कडेच्या पेशींची केंद्रके तपकिरी होती, मध्यभाग कोरा होता आणि त्या भागातील निरोगी दुग्धनलिकाही कोऱ्याच होत्या. या नलिकांच्या काही पेशींत रिसेप्टर एरवी असतातच; त्याच रंगल्या नाहीत, म्हणजे तिथले प्रथिनच नष्ट झाले होते. त्याच रुग्णाची आधी सुईने घेतलेली बायॉप्सी त्याच दिवशी, त्याच रसायनांनी रंगवली असता ठळक पॉझिटिव्ह आली, तरीही तक्रार मागे घेतली गेली नाही.

फॉर्मॅलिन ऊतीत तासाला साधारण एक मिलिमीटर शिरते, आणि त्यानंतर प्रथिनांना एकमेकांशी सांधणारे रासायनिक बंध तयार होण्यास आणखी काही तास लागतात. फॉर्मॅलिन पोहोचेपर्यंत आतल्या पेशींना त्यांचीच विकरे पचवू लागतात. उलट फॉर्मॅलिनमध्ये फार काळ राहिल्यास प्रथिन बंधांआड झाकले जाते. झाकलेले प्रथिन १९९१ मध्ये पुढे आलेल्या उष्णतेच्या प्रक्रियेने बरेचसे उघडे करता येते. नष्ट झालेले मात्र कोणत्याही उपायाने परत येत नाही.

म्हणून नमुना तासाभरात, सुमारे पाच मिलिमीटर जाडीचे काप देऊन, त्याच्या किमान दहापट आकारमानाच्या १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये ठेवावा आणि स्तनाच्या नमुन्यात स्थिरीकरण ६ ते ७२ तासांत राखावे. हाडाचा नमुना तीव्र आम्लात मऊ करण्यापूर्वी त्यातील मऊ भाग वेगळा काढावा. शस्त्रक्रियागृहाशी संवाद ठेवावा, हे तर आलेच. अर्जावर वेळेची नोंद नसेल, तर नमुना स्वीकारतानाच तसे लेखी कळवावे. निकालानंतर दिलेला खुलासा, कितीही सप्रमाण असला तरी, या प्रकरणात सबब म्हणूनच ऐकला गेला.