गर्भारपणातील मधुमेह आणि मातेच्या रक्तवाहिन्या

गर्भारपणात प्रथमच आढळलेली वाढीव साखर बहुतेक स्त्रियांमध्ये प्रसूतीनंतर पूर्ववत होते. घरातील मंडळी निर्धास्त होतात व सर्वांचे लक्ष बाळाकडे वळते. परंतु साखर उतरली म्हणजे मातेचा धोका सरला, असे नाही.

गर्भारपणी वारेतून स्रवणारी संप्रेरके इन्शुलिनच्या कार्याला विरोध करतात. स्वादुपिंडाला हा वाढीव भार पेलला नाही, की साखर वाढते. गर्भारपण ही एका अर्थी शरीराची परीक्षाच होय. अशा स्त्रियांच्या रक्तवाहिन्यांचे आतील अस्तर पुष्कळदा दुबळे आढळते. वाहिन्यांना सैल ठेवणारे नायट्रिक ऑक्साइड कमी पडते, वाहिन्या ताठर होऊ लागतात आणि पुढे रक्तदाब व हृदयविकार यांना वाट मिळते.

सुमारे 54 लाख स्त्रियांच्या माहितीचा एकत्रित अभ्यास 2019 साली प्रसिद्ध झाला. गर्भारपणी मधुमेह झालेल्या स्त्रियांत हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांचा धोका त्यात जवळपास दुप्पट आढळला. ज्यांना पुढे मधुमेह झालाच नाही, त्यांच्यातही तो सुमारे दीडपट होता.

‘मी तर सडपातळ आहे,’ हे समाधानही फसवे ठरू शकते. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 साली स्वतःचीच तुलना प्रसिद्ध केली. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच. मात्र शरीरातील चरबी युडकिन यांची सुमारे 9 टक्के, तर याज्ञिक यांची 21 टक्के!

विटा परिसरातील अनेक कुटुंबे सोन्या-चांदीच्या गलाई व्यवसायानिमित्त देशभर विखुरलेली आहेत. लेक बाळंतपणासाठी माहेरी येते आणि काही महिन्यांनी बाळासह दूरच्या शहरी परतते. वाढीव साखरेची नोंद येथील कागदपत्रांतच राहिली, तर तेथील डॉक्टरांना ती कळणार कशी?

यावर उपाय सोपा आहे. सव्वा महिना सरल्यावर, सहाव्या आठवड्यात, बाळाला लसीकरणासाठी आणले जाते. त्याच वेळी आईची 75 ग्रॅम ग्लुकोजची तपासणी करून घ्यावी. त्यानंतर दरवर्षी साखर, रक्तदाब व वजन तपासावे. रक्तातील चरबीची तपासणी डॉक्टरांच्या सल्ल्याने करावी. बाळाला अंगावर पाजावे. त्याने आईचाही पुढील मधुमेहाचा धोका कमी होतो. बाळंतिणीच्या लाडवांत गूळ-तूप बेताने असावे. रोज चालावे, मशेरी सोडावी आणि पुढील गर्भारपणी सुरुवातीसच साखर तपासावी.

सासरी निघालेल्या लेकीच्या सामानात बाळाच्या लसीकरणाच्या कार्डाबरोबर तिचा स्वतःचा तपासणी-अहवालही आठवणीने ठेवावा, ही प्रत्येक कुटुंबास आग्रहाची विनंती. आणि आमच्या देणगीदारांनी व विश्वस्तांनी प्रसूतीनंतरच्या या तपासणीसही मातृसेवेचाच भाग मानावे. खर्च अल्प आहे. परंतु त्यातून एका आईचे पुढील आयुष्य सुरक्षित होऊ शकते.