बाँड नको, पहिलं वर्ष सांभाळ

इंदिरानगर, नाशिक

प्रिय सोनू,


नर्सिंग झालेल्या मुलींना जर्मनीला पाठवण्याचं काम तुझ्याकडे आलं, याचा मनापासून आनंद आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रानं बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी दहा हजार कुशल माणसं पाठवण्याचा करार केला, तेव्हापासून बोलणं चालतं ते भाषेच्या परीक्षेचं आणि व्हिसाचं. तिथे पोचलेली मुलगी त्याच रुग्णालयात टिकेल कशी, हा प्रश्न मागेच राहतो. त्यावर तुमच्या कार्यालयात तीन वर्षांचा बाँड आणि सोडल्यास दंड, असा उपाय निघाला आहे. तो तू मान्य करू नयेस असं मला वाटतं. जपाननं १९९३ पासून परदेशी प्रशिक्षणार्थींना एकाच मालकाशी जखडून ठेवलं. एजंटाचं कर्ज डोक्यावर आणि मालक बदलायची मुभा जवळजवळ नाही, अशा अवस्थेत २०२३ या एका वर्षात नऊ हजारांहून अधिक जण कामावरून नाहीसे झाले. शेवटी २०२४ मध्ये ती योजना गुंडाळण्याचा आणि मालक बदलण्याची सवलत देणारा नवा कायदा त्यांना करावा लागला. खुद्द जर्मनीनं १९६१ मध्ये तुर्की कामगार बोलावले ते दोन वर्षांच्या मुदतीवर. पण हात बसलेला माणूस परत पाठवून नव्याला पुन्हा शिकवणं कारखानदारांनाच परवडेना, म्हणून १९६४ मध्ये ती अट गेली. रुळलेल्या माणसाची किंमत मालकाला तेव्हाच कळली होती.

रुग्णालयानं भाषेचा, तिकिटाचा, कागदपत्रांचा खर्च केलेला असतो. मुलगी सहा महिन्यांत दुसरीकडे गेली तर तो बुडतो, असं तुझे वरिष्ठ म्हणतील. तक्रार खरी आहे. पण मुली का सोडतात ते आधी बघ. आपल्याकडे पेशंटला अंघोळ घालणं, भरवणं, कूस बदलणं हे बरंचसं मावशी आणि नातेवाईक करतात. नर्सच्या हाती इंजेक्शन, सलाईन, औषधं. तिथे ही सगळी सेवा नर्सचीच, आणि आपल्या नर्स जी कामं अभिमानानं करतात त्यातली काही डॉक्टरांकडे. हे आधी कुणी सांगितलं नसेल तर मुलीला वाटतं, आपल्याला खालच्या कामाला लावलं. त्यात आपल्या पदवीला तिथल्या मान्यतेचा कागद येईपर्यंत मदतनीस म्हणून कमी पगार, आणि कर व विमा वजा जाता हातात येणारी रक्कम करारातल्या आकड्यापेक्षा बरीच कमी. वर्गात शुद्ध जर्मन शिकलेल्या मुलीसमोर म्हातारे पेशंट तिथल्या श्वाबिश बोलीत बोलू लागले की बी-टू पातळीचं भाषेचं प्रमाणपत्र असूनही ती गोंधळते. यातल्या एकाही गोष्टीवर बाँड हा इलाज नाही. दंडाच्या भीतीनं थांबलेली, मनानं केव्हाच निघून गेलेली नर्स रुग्णाच्या उशाशी असावी, असं कुठल्या रुग्णालयाला वाटेल?

इतकं खरं सांगितलं तर निम्म्या मुली इथेच गळतील, अशीही भीती घालतील. गळू देत. इथे गळणाऱ्या मुलीचे काही महिने जातात. तिथून परतणाऱ्या मुलीच्या घरी कर्ज उरतं आणि मालकाचा आपल्या मुलींवरचा विश्वास जातो. काही मुली सगळं नीट होऊनही मोठ्या शहरात जातील, तो त्यांचा हक्कच आहे. मुली रुळाव्यात म्हणून तिथल्या महाराष्ट्र मंडळांवरही फार विसंबू नकोस. गणपतीला चार मराठी माणसं भेटली की जीव रमतो, पण सोमवारच्या ड्युटीवर अडलेला शब्द सांगणारी सहकारी लागते. म्हणून वॉर्डातली एक अनुभवी नर्स पहिल्या वर्षासाठी नावानिशी नेमून द्यायला सांग. तिला त्यासाठी ड्युटीत वेळ मिळाला पाहिजे, नाहीतर ते नाव कागदावरच राहील. मान्यतेच्या टप्प्यांच्या तारखा आणि प्रत्येक टप्प्यावरचा पगारही लेखी माग. आणि मालकाला पुढचं पत्र लिहिशील तेव्हा सगळ्यांत आधी खोलीचं विचार. पत्त्याची नोंदणी झाल्याशिवाय पुढची बरीच कामं अडतात, आणि नव्या मुलीला पगाराच्या स्लिपा नसताना घर द्यायला घरमालक सहसा तयार होत नाहीत.

तुझा,
मामा