जहाजाचं नाणं घेण्यापूर्वी

छत्रपती संभाजीनगर

चि. बाळ यास,


तुझं पत्र पोचलं. सागरी सफरींच्या स्मारक नाण्यांचा संग्रह करायचं मनावर घेतलंस, फार आनंद झाला. पण ‘पैठणला सापडलेलं सातवाहनांचं जहाजाचं नाणं’ म्हणून कुणीतरी फोटो पाठवून पैसे मागतोय, हे वाचलं आणि लगेच लिहायला बसलो. ते घेऊ नकोस. कारण नीट सांगतो.

सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीची, म्हणजे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातली ही नाणी शिशाची असतात. एका बाजूला दोन डोलकाठ्यांचं जहाज आणि ब्राह्मीत राजाचं नाव; दुसऱ्या बाजूला उज्जैन चिन्ह, म्हणजे अधिकाच्या खुणेच्या चारही टोकांना एकेक वर्तुळ. कुठल्याही एका सफरीचं नाव त्यावर नाही. मग हे जहाज कोणत्या समुद्रातलं? पैठणचा माल गाड्यांतून भडोच बंदराला जाई, अशी नोंद ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात आहे. तेवढ्यावरून कुणीही पश्चिम समुद्र म्हणेल. पण ही नाणी मुख्यतः पूर्व किनाऱ्याकडे, आंध्रच्या बाजूला मिळाली. म्हणून अभ्यासक त्यांचा संबंध पूर्वेकडच्या व्यापाराशी जोडतात. एवढा मोठा उलगडा झाला तो सापडण्याच्या ठिकाणावरून.

आता विचार कर. पैठणच्या पांढरीतून, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडातून, कुणी नाणं गुपचूप उकरून विकलं, तर ते कोणत्या थरात होतं, शेजारी खापर होतं की मणी, हे कायमचं गेलं. नाणं खरं असलं तरी मुकं झालं. शिवाय शिसं लवकर वितळतं, नक्कल ओतणं अवघड नाही. कायदाही ध्यानात ठेव: १८७८ च्या कायद्यानुसार जमिनीत सापडलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं गुप्तधन जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, आणि १९७२ च्या कायद्याने पुरावस्तूंच्या व्यापाराला परवाना लागतो.

हौस मात्र मारू नकोस. सफरींची नवी नाणी खुशाल घे, ती जपून ठेवण्यासाठीच पाडलेली असतात. कोमागाटा मारू जहाजाच्या सफरीच्या शताब्दीचं २०१४ चं शंभर रुपयांचं नाणं बघ. व्हँकुव्हरला पोचलेल्या ३७६ प्रवाशांची आठवण त्यात आहे; त्यांतल्या बहुतेकांना परत पाठवलं गेलं. आपल्या टांकसाळींची अशी नाणी थेट टांकसाळीकडून मागवता येतात. ३५ ग्रॅमच्या नाण्यात निम्मी चांदी असेल, तर ती साडेसतरा ग्रॅम. कुणी भाव सांगितला की आधी हा हिशेब मांड. ‘पुढे दामदुप्पट होईल’ या बोलण्याला भुलू नकोस. अमेरिकेने कोलंबसच्या सफरीच्या चारशेव्या वर्षानिमित्त १८९२–९३ मध्ये अर्ध्या डॉलरचं नाणं काढून एक डॉलरला विकायला ठेवलं; पुष्कळ नाणी उरली आणि शेवटी अर्ध्या डॉलरलाच चलनात गेली.

नाणं कडेने धर, आणि चिंचेने किंवा पावडरने कधीही घासू नकोस. प्रत्येकाची वहीत नोंद कर: कुठून घेतलं, कधी, केवढ्याला. सुट्टीत आलास की पैठणचं बाळासाहेब पाटील संग्रहालय आणि तेरचं लामतुरे संग्रहालय दाखवायला नेतो. जुनी नाणी तिथे बघ, त्यांच्यावर अभ्यास कर. पैसे द्यायचे ते नव्यांसाठी. त्या माणसाला आजच नकार कळव.

तुझा,
मामा